बदकाच्या वाटेने शेवटपर्यंत : फानो बेटावरचं फूलेकोये

बाबा रानबदकं पकडण्याच्या जाळीदार नळीच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, याचा शेवट कुठे दिसतच नाहीये." तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की या जागेची सगळी करामत त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. शेवट दिसू नये म्हणूनच ती नळी वळवलेली आहे.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या फानो बेटावर आम्ही गेल्या ऑक्टोबरात गेलो होतो. दक्षिण टोकाला सॉन्डरहो नावाचं गाव आहे, आणि गावाबाहेर रानबदकं पकडण्याचं जुनं तळं आहे. डॅनिशमध्ये त्याला 'फूलेकोये' म्हणतात. 'फूले' म्हणजे पक्षी. 'कोये' हा शब्द डच भाषेतून आलेला, त्याचा अर्थ पिंजरा. ही विद्याही हॉलंडचीच. तिथून ती आजच्या जर्मनीतल्या उत्तर फ्रिशियन बेटांवर गेली आणि 1866 मध्ये फानोवर पोचली. 1931 मध्ये डेन्मार्कच्या शिकार कायद्याने या पकडीवर बंदी आली.

ही जागा समजून न घेता गेलात तर पाच मिनिटांत परत फिराल. झाडांची एक राई, मध्ये काळसर पाण्याचं तळं आणि कडेला बोरूच्या चटया, एवढंच दिसतं. म्हणून तिचं काम कसं चालायचं ते आधी सांगते.

भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा वाडेन समुद्र या बेटाला लागून आहे. शरद ऋतूत उत्तरेकडून बदकं इथे लाखांनी उतरतात. रात्री ती दलदलीत चरतात आणि दिवसा विसाव्याला गोडं, शांत, वारा न लागणारं पाणी शोधतात. वाऱ्याने झोडपलेल्या या बेटावर तसं पाणी मिळणं कठीण, म्हणून माणसाने तेच बांधून दिलं. तळं खणलं, भोवती झाडं लावली आणि आत माणसाळलेली बदकं सोडली. आकाशातून जाणाऱ्या थव्याला खाली आपली जातभाई मंडळी निवांत पोहताना दिसली की थवा उतरायचा.

तळ्याच्या कोपऱ्यांतून चर निघतात. त्यांनाच मी नळ्या म्हणते आहे. त्यांच्यावर कमानी आणि कमानींवर जाळं. तोंडाशी नळी रुंद आणि उंच, पुढे निमुळती होत वळत जाणारी, आणि टोकाला जाळ्याची पिशवी. कडेने बोरूच्या चटया तिरक्या, एकीमागे एक उभ्या केलेल्या. पकडणारा त्यांच्या आडून चालायचा आणि नळीत दाणे फेकायचा. पाळीव बदकं दाण्यामागे आत शिरायची, रानबदकं त्यांच्यामागे. थवा पुरेसा आत गेला की माणूस थव्याच्या मागच्या बाजूला, चटयांमधल्या फटीत उभा राहून स्वतःला दाखवायचा. चटया तिरक्या असल्यामुळे नळीतल्या बदकांना तो दिसायचा, तळ्यावरच्यांना नाही. घाबरलेली रानबदकं त्याच्यापासून दूर, म्हणजे नळीच्या टोकाकडेच उडायची. पाळीव बदकांना तो ओळखीचा, ती शांतपणे तळ्यावर परतायची. बाहेरच्या थव्याला काही कळायचंच नाही.

वाऱ्याचा हिशेबही तितकाच पक्का. बदक वारा समोरून घेत उड्डाण करतं. म्हणून ज्या नळीच्या टोकाकडून तळ्याकडे वारा वाहत असेल तीच त्या दिवशी वापरायची. पण मग माणसाचा वासही वाऱ्याबरोबर बदकांकडेच जाणार. त्यासाठी पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, धुमसता तुकडा हातात धरायचा, म्हणजे धुरात वास झाकला जाई. हे समजलं तेव्हा मला त्या माणसाच्या निरीक्षणाचं मनापासून कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी पोटात कालवलं. टोकाला पिशवीत हात घालून एकेकाची मान मुरगळली जायची.

म्हणून माझा सल्ला असा: आधी तळ्याकाठी उभे राहा, मग नळीच्या कडेने बदकाच्या वाटेने टोकापर्यंत चाला. त्यानंतर परत येताना चटयांच्या आडून माणसाच्या वाटेने या. क्रम उलटा केलात तर तो वळणाचा धक्का बसत नाही. जाळ्याला, चटयांना हात लावू नका, आणि हळू बोला, कारण तळ्यावर बदकं आजही उतरतात.

इथे मुख्यतः चक्रांग, तरंग आणि तलवार बदकं पकडली जात. तिन्ही नावं वाचून बाबा हरखले. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात त्यांनी ही किती वेळा पाहिलीत! आपल्याकडे येणारे थवे मध्य आशियाच्या वाटेने येतात, फानोवरचे युरोपच्या अटलांटिक किनाऱ्याने खाली जातात. जात एकच, वाटा वेगळ्या.

ही वाट माणसाला कळली त्यातही या तळ्यांचा वाटा आहे. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालायची पद्धत 1899 मध्ये हान्स क्रिश्चन मॉर्टेन्सन या डॅनिश शिक्षकाने व्हीबोर्ग गावी साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांवर, स्टार्लिंगवर, सुरू केली. पुढे काही वर्षांनी फानोच्या तळ्यांत पकडलेल्या चक्रांगांनाही त्याने कडी घालून सोडलं. मला या सगळ्या जागेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तेच जाळं, तीच नळी, पण टोकाशी पोचलेलं बदक जिवंत परत गेलं.

जाण्यासाठी आधी एस्बिअर्ग गाठा. कोपनहेगनहून रेल्वेने साधारण तीन तास. तिथून फेरीबोटीने फानोवरचं नॉर्डबी गाव फक्त 12 मिनिटं. तिकीट एस्बिअर्गलाच जाण्यायेण्याचं मिळतं, ते येईपर्यंत जपून ठेवा. नॉर्डबीहून सॉन्डरहोला बस जाते. तरुणांनी सायकल भाड्याने घ्यावी, रस्ता सपाट आहे, पण परतीला वारा समोरून आला तर वेळ दुप्पट धरा. बाबांचं वय 71, म्हणून आम्ही बसने गेलो आणि पुढे चालत. बसचं वेळापत्रक आधीच बघा, हंगाम संपल्यावर फेऱ्या विरळ होतात.

पावसाचं जाकीट हवंच. छत्री उपयोगाची नाही. गवतात गोचिड्या असतात, पॅंट मोज्यात खोचा आणि रात्री पाय तपासा. जेवण बरोबर न्या, विशेषतः शाकाहारी असाल तर. मासे खाणाऱ्यांनी बाक्सकुल चुकवू नये. तो खारवून, वाळवून, धुरी दिलेला चपटा मासा. आमच्या मालवणच्या आजीला नक्की आवडला असता.

सॉन्डरहोत गवती छपरांची कप्तानांची घरं आणि 1782 चं चर्च आहे. चर्चच्या छताला खलाशांनी वाहिलेल्या जहाजांच्या 15 प्रतिकृती टांगल्या आहेत. अर्धा तास त्याला द्या.

जिवंत बदकं बघायची तर भरतीची वेळ पाहून किनाऱ्यावर या. ओहोटीत ती दूर चिखलावर ठिपक्यांसारखी दिसतात, पाणी चढलं की जवळ येतात. चिखलावर मात्र वाटाड्याशिवाय उतरू नका, पाणी मागून वेढा घालतं. आम्ही भरतीच्या तासभर आधी पोचलो. आधी तरंगांची शीळ ऐकू आली, मग ती दिसली. बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि मोजायला सुरुवात केली. दोनशेनंतर त्यांचा आकडा चुकला, तेव्हा दुर्बीण माझ्याकडे देऊन म्हणाले, "आता तू मोज."