मोसंबीवरचा उत्तर ध्रुव

दुबई ते सॅन फ्रान्सिस्को, सोळा तास, आणि मी मधल्या सीटवर. इतका वेळ कुणालाही मधे बसवू नये, असं माझं ठाम मत झालंय. मुंबई-दुबई कधी संपलं ते आठवतही नाही. लिहायला बसले ते समोरच्या पडद्यावरच्या एका रेषेमुळे.

आई पहिल्यांदाच देशाबाहेर निघाली होती. सिनेमे सोडून ती नकाशाच बघत होती. "अगं, अमेरिका डावीकडे ना? मग हा वर रशियात कशाला शिरलाय?" रेषा खरंच कमानीसारखी चढून नकाशाच्या माथ्याला टेकत होती.

पृथ्वी गोल आहे, मी सुरुवात केली. "ते ठाऊक आहे गं, रेषा वाकडी का ते सांग." मग तिच्याच पिशवीतली मोसंबी घेतली. तिच्या पाकिटातली एक टिकली मोसंबीच्या पोटाच्या जरा वर लावली, ती दुबई. दुसरी जवळजवळ बरोबर पाठीमागे, किंचित वर, ती सॅन फ्रान्सिस्को. क्रोशाचा दोरा कडेकडेने एका टिकलीपासून दुसरीपर्यंत धरला आणि ताणला. दोरा आपोआप वर सरकला आणि डेठाला जाऊन चिकटला. डेठ म्हणजे उत्तर ध्रुव! दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचं अंतर आहे, म्हणून सर्वांत जवळची वाट ध्रुवाला खेटून जाते. ती साधारण १३,००० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलो असतो, तर जवळजवळ १७,०००.

आईने तीस वर्षं साताऱ्यात ब्लाउज शिवलेत. ती मोसंबी फिरवत म्हणाली, "गोल अंगावर सपाट कापड बसत नाही, टक्स घ्यावे लागतात. यांनी टक्स न घेता कापड वरच्या बाजूला ताणलंय." मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९च्या नकाशाचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं. समुद्रात होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट सरळ दिसावी, म्हणून त्याने ध्रुवांकडचा भाग ताणत नेला. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी, पण तिथे दोन्ही सारख्याच वाटतात. त्याच ताणात आमची सरळ वाट वाकडी दिसत होती. विमान फारसं न वळता आधी उत्तरेला आणि मग दक्षिणेला चाललं होतं.

आणि ध्रुवाजवळ पोहोचलो, तर झोपणाऱ्यांसाठी सगळ्या खिडक्या बंद करायला लावलेल्या. जून महिना, खाली चोवीस तास ऊन, आणि आम्ही अंधारात! तो राग अजून गेलेला नाही. आईने खिडकी बोटभर वर केली. तडकलेला पांढराशुभ्र बर्फ, भेगांतून काळं पाणी. ती कितीतरी वेळ बोललीच नाही. माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता.

ताजी फळं अमेरिकेत नेता येत नाहीत, म्हणून उतरण्याआधी मोसंबी सोलून आम्ही दोघींनी खाल्ली. टिकल्या तिने जपून पाकिटात परत चिकटवल्या.