उचलून लावायचं दार

शनिवार, रात्री

तीनदा साबण लावूनही नखांतला काळा मळ गेला नाही, म्हणून आज तशीच लिहायला बसले. वहीच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय. असू दे.

आज आमच्या जुन्या एमजीबी गाडीच्या डाव्या दाराचा रंग खरवडला. वर लाल, त्याखाली करडा प्रायमर, त्याखाली जुना लाल आणि सगळ्यांत खाली पांढरा. पांढऱ्याचं कोडं मागच्याच महिन्यात सुटलं होतं. इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. त्यांच्या दप्तरात कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. चॅसी नंबर कळवला की गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची बाहेर पडली, याचा दाखला मिळतो. आमचा नंबर ‘जीएचएन3’ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी ही कंपनी, एच म्हणजे 1400 ते 1999 सीसीमधलं इंजिन, एन म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी. दाखल्यावर साल 1965 आणि रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’. बाबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. “आपली गाडी लाल आहे,” म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिला. आजोबांनी घेतली तेव्हा ती लालच होती, म्हणजे आधीच्या कुणीतरी रंगवलेली. आमच्या घरात इतिहास तिथून सुरू होतो.

एमजीबी काही दुर्मिळ गाडी नाही. 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं अॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती, पाच लाखांहून जास्त बनल्या. लोक मात्र आमच्याकडे संस्थानिकांचा हत्ती असल्यासारखं बघतात. हत्ती बरा, त्याला गंज लागत नाही.

तर दार. त्याच्या मागच्या कडेला, वरच्या बाजूला, पांढरा थर नव्हताच. लालखाली थेट लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. लांबी निघाल्याचं नवल नाही, या गाडीत पत्रा कमी नि लांबी जास्त अशा दोन-तीन जागा आहेत. पण ती पॉलिश पेपरने उतरवली तर खाली उघड्या पत्र्यावर तिरक्या, बारीक, एकाच दिशेच्या रेघा दिसल्या. कानशीच्या. वरून वीतभर दाराची कड कुणीतरी घासून कमी केली होती. व्हर्नियर लावून बघितलं. वरच्या टोकाला तीन मिलिमीटर गेलेले, खाली येता येता शून्य.

बाबा पलीकडे कार्बोरेटर उघडून बसले होते. “बाबा, हे काय?”

मान वर करून बघितलं. “कानस,” म्हणाले आणि परत स्क्रू शोधायला लागले.

रविवार

आज सकाळी बाबा आपणहून बोलले.

या गाडीला वेगळी चॅसी नाही, अंगाचा पत्रा हाच सांगाडा. त्यात दाराखालची सिल म्हणजे गाडीची कंबर. बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत तीन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात. वर छप्पर नाही, त्यामुळे पुढचं नि मागचं धड एकत्र धरण्याचं बरंचसं काम या दोन सिलांवर. आणि गंज नेमका तिथेच. ओल आत शिरते, बाहेर पडत नाही, पत्रा आतून कुजतो आणि बाहेर फोड दिसतो तोवर निम्मा गेलेला असतो.

बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. आजोबा महिनाभर बाहेर जाणार होते. यांनी ठरवलं, परत येईपर्यंत डावी सिल बदलून टाकायची. वेल्डिंग नुकतंच शिकले होते, म्हणजे अंगात किती मस्ती असेल बघा. गाडी पुढून नि मागून टेकू देऊन वर घेतली आणि जुनी सिल कापून काढली. मधे टेकू नाही, दाराच्या चौकटीला आडवा आधार नाही. गाडी मधेच बसली. डोळ्यांना काही कळलं नाही, आवाजसुद्धा नाही. बाबांनी नवी सिल जोडली, छान जोडली. मग दार लावायला गेले तर लागेना. मधे खचलं की वरून चौकट आवळते, दोन्ही खांब एकमेकांकडे झुकतात. नवीन सिल आता त्याच वाकड्या मापात पक्की झालेली.

“मग दोन संध्याकाळी कानस मारली,” बाबा म्हणाले. “लांबी भरली, रंग मारला. अण्णा आले, फेरी मारली, काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो.”

दार त्यानंतर लागायचं, पण नुसतं लोटून नाही. हँडलला धरून जरा वर उचलायचं, मग आत ढकलायचं.

हे ऐकताना मी हसायलाच लागले. कारण आमच्या घरात एक गोष्ट पिढीजात सांगितली जाते. आजी गाडीत बसली की आजोबा आपल्या जागेवरून उतरत, वळसा घालून डावीकडे येत आणि तिचं दार स्वतः लावत. प्रत्येक वेळी. आत्या अजून डोळे पुसत सांगते, आमच्या लग्नानंतर ह्यांना म्हटलं, अण्णांकडून शिका काहीतरी. प्रेम होतं, नाही असं नाही. पण आजीला ते दार लागत नव्हतं!

“म्हणजे आजोबांना माहीत होतं,” मी म्हटलं.

बाबा बराच वेळ चिंध्यांनी हात पुसत राहिले. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

बुधवार

चिरंजीवांनी आज एका बोल्टचं डोकं गोल केलं. अर्ध्या इंचाचा पाना हाताशी नव्हता म्हणून तेरा मिलिमीटरचा लावला. अर्धा इंच म्हणजे 12.7. तीन दशांशांचा फरक, पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की कोपरे खातो. त्याच्या आबांनी, म्हणजे बाबांनी, ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत, पक्कड आणून दिली. मला याच वयात अशाच चुकीबद्दल तासभर ऐकवलं होतं. नातवंडांचा कायदा वेगळा असतो.

चाकाचा नट मात्र त्याने पहिल्याच झटक्यात बरोबर सोडवला. आऱ्यांच्या या चाकांना मधे कानांचा एकच मोठा नट असतो, तांब्याच्या हातोडीने ठोकून सोडवायचा. गाडीच्या दोन बाजूंना आटे उलटसुलट. आमच्या घरातलं सूत्र असं की गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने ठोकलं की नट सुटतो. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण चालत्या गाडीत तो त्यामुळेच आवळत जातो. पोराने हे कधी ऐकलं कोण जाणे. मी तर शिकवलं नव्हतं.

शनिवार

आज भांडण झालं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच बरोबर होतं असं वाटणार नाही.

बोनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर ब्रशने रंगवलेली आजोबांची अक्षरं आहेत. ‘धन टोक जमिनीला. चुकू नये.’ 1967 सालच्या शेवटापर्यंत एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून बारा. कुणी सवयीने उलट्या जोडू नये म्हणून ती ताकीद. पुढे बाबांना गाडीत रेडिओ हवा झाला आणि त्यांनी सगळं फिरवलं. टोकं बदलली, कॉइलच्या वायरी बदलल्या, डायनेमोला नवी दिशा दिली. आजोबांच्या ओळीवर खिळ्याने काट मारून खाली कोरलं, ‘आता उलट.’ एक गोष्ट राहिली. इंजिनाचे फेरे दाखवणारं स्मिथ्सचं मीटर आतून बदलल्याशिवाय उलट्या जोडणीवर चालत नाही. त्याचा काटा तेव्हापासून शून्यावर. आजोबा म्हणे त्यानंतर कानाने गिअर टाकायचे आणि काट्याकडे बघून मुलाकडे बघायचे.

मी ठरवून ठेवलं होतं, आतला भाग रंगवताना ही दोन ओळींची जागा चिकटपट्टी लावून झाकायची, जशीच्या तशी ठेवायची. सकाळी गॅरेजमध्ये गेले तर बाबा तारेचा ब्रश घेऊन तिथेच घासत होते. ‘धन टो’ एवढंच उरलं होतं.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. रंगाखाली पत्रा पापुद्र्यासारखा दबला. खिळ्याची रेघ रंग फोडून पत्र्यापर्यंत गेली होती, ओल तिथूनच शिरली. “मीच लावलाय हा गंज,” म्हणाले. “अक्षर ठेवलंस तर दोन वर्षांत भोक ठेवशील.”

मोबाइलमध्ये त्या ओळींचा फोटो आहे. एक, तोही तिरका. मागे ठेवलेल्या बादलीचा छान आलाय.

चांगला पत्राच हवा असेल तर सरळ नवं अंगच मिळतं, हेही मी आज चिडून बोलून गेले. खरंच मिळतं. 1988पासून एमजीबीचं अख्खं धड कारखान्याच्या मूळ साच्यांवर पुन्हा काढतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं त्यात बसवायची की झाली कोरी गाडी. बाबा म्हणाले, “आणि ही?” मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पण मग ‘धन टोक’ घासताना तो प्रश्न त्यांना का पडला नाही, हेही विचारायचं राहिलं.

रविवार, तीन आठवड्यांनी

वही उघडायला वेळ झाला नाही. डावी सिल झाली.

या वेळी घाई नाही. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा बसवला, एक टोक बिजागऱ्यांच्या खांबाला, दुसरं कुलपाच्या खांबाला. गाडी चार ठिकाणी टेकवली, मधेही. मग बाबांची सिल कापली. कापताना ते बाहेर जाऊन बसले. धूर सोसत नाही म्हणाले. जोड इतके सरळ होते की ग्राइंडर फिरवताना मलाच कसंतरी झालं. बावीस वर्षांच्या पोराने वाकड्या गाडीला केलेलं अतिशय सुबक काम.

अँगलच्या मधे आटे असलेला दांडा आहे. सिल सुटी झाल्यावर तो पाव-पाव फेरा फिरवत चौकट उघडत गेलो, खाली जॅक एकेक केस वर. प्रत्येक वेळी दार लावून बघायचं. चिरंजीव फट मोजायचे नि आकडा ओरडायचे. संध्याकाळी चौकट जागेवर आली आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात फट दिसली ती आठ मिलिमीटर. पाच गाडीची, तीन कानशीची.

ते तीन मी भरले. कडेवर वेल्डचे ठिपके शेजारी शेजारी, पत्रा तापून मुरडू नये म्हणून एक इथे, एक तिथे. मग कानस. बाबांचीच, लाकडी मूठ भेगाळलेली. दोन संध्याकाळी लागल्या मलाही.

गुरुवार

इंजिनाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. 1798 सीसीचं हे इंजिन बैलासारखं आहे, तेल पाजत राहिलं की तक्रार करत नाही. झडपांची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, लावली, गॅस्केटं बदलली. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बोटात कुस्करल्या गेल्या, त्या सगळ्या काढल्या.

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी. दोन एसयू, म्हणजे स्किनर्स युनियनचे. आत एक दट्ट्या हवेच्या ओढीने वर-खाली होतो, त्याला खाली निमुळती सुई, ती जितकी उचलेल तितकं पेट्रोल. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. बाबांची रीत अशी की रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आज त्यांनी दोन्हीकडे ऐकलं आणि “झालं” म्हणाले. चिरंजीव म्हणाले, “आबा, मागचा जास्त ओढतोय.” त्यांनी परत ऐकलं. कान बदलून ऐकलं. मी इंजिनाकडे बघत राहिले. मग बाबांनी नळी काढून त्याच्या हातात दिली. “तू सांग, मी फिरवतो.”

अर्धा तास दोघं तसेच वाकून. मग खालची पिन बोटाने जराशी, मिलिमीटरभरसुद्धा नाही, उचलून बघितली. इंजिनाचा वेग किंचित वाढला आणि परत बसला. मिश्रण बरोबर असल्याची खूण. फेऱ्यांच्या मीटरचा काटा अर्थात शून्यावर. ते आतून बदलून घ्यायचं ठरलं होतं, बाबा आता राहू दे म्हणतात.

रविवार

रंग लालच दिला.

चावी फिरवली, मागून पेट्रोलच्या पंपाची टकटक सुरू झाली, भरभर, मग सावकाश, मग एक टक आणि शांत. पहिली फेरी आई-बाबांची, हे न बोलता ठरलेलं होतं. आई डावीकडे बसली. दार तिने ओढणार इतक्यात बाबा उतरले, पुढून वळसा घालून आले, हँडल धरलं, वर उचललं आणि ढकललं.

खट्ट. दार कुलपाच्या वरच आपटून परत आलं. नव्या रंगाला लागलं की काय म्हणून मी धावले.

“अहो, नुसतं लोटा,” आई म्हणाली.

बाबांनी एका बोटाने लोटलं. लागलं. त्यांनी ते उघडलं, परत लोटलं. परत लागलं. वाकून कडेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, जिथे मी भरलं होतं तिथे जरा थांबून. मग पुन्हा उघडलं.

“आता दिवसभर दारच लावत बसणार आहात का?” आई म्हणाली.