एक वर्ष आणि एक दिवस

ब्रायटनमध्ये कामाला जायच्या रस्त्यावर एका साध्या बहुमजली इमारतीला निळी पाटी आहे. डोरीन व्हॅलिएंटे इथे राहत होत्या, असं त्यावर लिहिलंय. पाटी २०१३ साली लागली. मी कित्येक महिने तिच्याकडे न बघताच जात होते. एकदा पाऊस आला म्हणून आडोशाला थांबले, वाचली, आणि घरी येऊन या बाई कोण ते शोधलं. विक्का नावाच्या नव्या, निसर्ग पूजणाऱ्या धर्माच्या त्या पुरोहित होत्या. या धर्मात माझी सुरुवात तिथून झाली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे चेटूक शिकतेस?" तिचा दोष नाही. बाईला चेटकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या वाचतच आम्ही मोठे झालो. तिला समजावलं की विक्कामध्ये सैतान नाही, बळी नाही. देवी आहे, शिंगवाला देव आहे, ऋतू आहेत. आणि एकच मोठं बंधन: कुणाचं वाईट होत नसेल, तर तुला वाटेल ते कर.

कव्हनमध्ये, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्या छोट्या गटात, थेट घेत नाहीत. मी पत्र लिहिलं, तीन वेळा चहाला भेटले, मग 'आउटर कोर्ट'मध्ये, म्हणजे उमेदवारांच्या गटात, बसायची परवानगी मिळाली. निदान एक वर्ष आणि एक दिवस शिकायचं. फी नाही, आमच्या परंपरेत शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. मला त्याचं फार बरं वाटलं.

पहिल्याच बैठकीत आमच्या मुख्य पुरोहित बाईंनी सांगितलं, "हा धर्म प्राचीन आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." विक्का लोकांपुढे आणली ती जेराल्ड गार्डनरने, हा मलायात कस्टम खात्यात नोकरी केलेला माणूस. १९३९ मध्ये दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमधल्या एका जुन्या गटाने आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगायचा. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं या धर्मावरचं पुस्तक आलं. डोरीनबाईंना त्याने १९५३ मध्ये दीक्षा दिली. विधींच्या मजकुरात ॲलिस्टर क्रोली या गूढविद्येवर लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाचं लिखाण उचललेलं आहे, हे त्यांनी ओळखलं आणि तोंडावर विचारलं. तुला जमत असेल तर तू चांगलं लिही, म्हणाला. त्यांनी लिहिलं. आज देवीचं जे आवाहन आम्ही म्हणतो, त्याला त्यांचाच हात लागलेला आहे. चेटकिणी म्हणून मारलेल्या बाया एका जुन्या गुप्त धर्माच्या होत्या, हा मार्गारेट मरे या अभ्यासक बाईंचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच खोडून काढलाय. हे सगळं उमेदवाराला आधीच सांगतात, म्हणून मी टिकले. माणसांनी रचलेली प्रार्थना खोटी कशाने होईल? आपले अभंगही माणसांनीच रचले.

विधीसाठी वर्तुळ आखायला शिकणं मात्र सोपं नव्हतं. काळ्या मुठीच्या सुरीला अथामी म्हणतात. तिने काही कापायचं नसतं. सुरीच्या टोकावर मीठ घ्यायचं, पाण्यात सोडायचं, ते पाणी शिंपडत फिरायचं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. बाकीचे उमेदवार दिशेला अडखळायचे. माझे पाय आपोआप बरोबर वळायचे, कारण देवळात प्रदक्षिणा घालायची ती हीच दिशा. शब्दांनी मात्र मला रडवलं. ऐन आवाहनात इंग्रजी घशात अडकायचं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझ्या भाषेत म्हण." त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज थरथरला नाही.

वर्षात आठ सण. त्यातला ३१ ऑक्टोबरचा साव्हन माझ्या मनात रुतून बसलाय. तो मृतांचा दिवस. रानात वारा इतका होता की मेणबत्त्या जॅमच्या बरण्यांत ठेवाव्या लागल्या. प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं. मी आजीचं घेतलं. पितृपक्ष होऊन गेला होता, तिच्या श्राद्धाला मी नव्हते. चुलत भावाने केलं होतं, मला विचारायचा प्रश्नच नव्हता. इथे चिखलात उभी राहून मी तिचं नाव मोठ्याने घेतलं आणि नऊ अनोळखी माणसांनी ते माझ्यामागून, चुकीच्या उच्चारात, एकेकदा म्हटलं.

दीक्षेच्या रात्रीबद्दल लिहिता येणार नाही, तशी शपथ आहे. एवढं सांगते की आत येण्याआधी पुन्हा विचारतात, आणि माघारी फिरलं तरी कुणी रागावत नाही. मी फिरले नाही.

सकाळी आईला फोन केला. "उपास होता का?" तिने विचारलं. नव्हता, म्हटलं. "मग जेवलीस ना?"

आता विधींची वही हाताने उतरवून घेतेय. गुरूची वही समोर, माझी शेजारी, शाईचं पेन. अकरा पानं झालीत.