२९ सप्टेंबरला वर्ष संपतं

सप्टेंबर लागला की आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात लोक एकमेकांना विचारायला लागतात, "तुझा पगार ग्रँटमधून निघतो की मेडिकेडमधून?" मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; मेडिकेडवाल्याला घोर नसतो. ग्रँटवाल्याचं, म्हणजे सरकारी अनुदानावर पगार असलेल्याचं, वर्ष २९ सप्टेंबरला संपतं, आणि पुढच्या वर्षीच्या मंजुरीचं पत्र येईपर्यंत त्याला कुणी काही ठामपणे सांगू शकत नाही.

मी अमेरिकेत दक्षिण ओहायोत, नदीकाठच्या एका छोट्या गावात, ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या आणि नशेच्या पदार्थांच्या) व्यसनावर उपचार करणाऱ्या केंद्रात काम करते. सरकारी अनुदानाचा हिशेब ठेवणं आणि रुग्णांच्या मुलाखती घेणं ही माझी दोन कामं. अनेकांनी विचारलं की या अनुदानाचं होतं तरी काय, म्हणून लिहायला बसले. रुग्णांची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

हा भाग एकेकाळी 'पिल मिल'साठी बदनाम होता. पाठदुखी सांगायची, रोख पैसे मोजायचे आणि ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या गोळ्या घेऊन बाहेर पडायचं, असे ते दवाखाने. पोर्ट्समथ शहराचं नाव त्यापायी देशभर झालं. २०११मध्ये ओहायोने कायदा करून या दवाखान्यांना चाप लावला. दवाखाने गेले, पण व्यसन लागलेली माणसं इथेच होती. त्यांच्यापर्यंत मग हेरॉइन पोहोचलं, आणि त्यानंतर फेंटानिल, हेरॉइनपेक्षाही जहाल असं कृत्रिम ओपिऑइड.

केंद्र सरकारचा मोठा पैसा यायला बराच उशीर झाला. डिसेंबर २०१६मध्ये ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट झाला, त्यातून राज्यांसाठी दोन वर्षांत १ अब्ज डॉलर ठेवले गेले. २०१८पासून 'स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्स' हे अनुदान सुरू झालं, ते आता वर्षाला दीड अब्जाच्या आसपास असतं. अमेरिकी काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी रक्कम मंजूर करते, व्यसन आणि मानसिक आरोग्याचं काम पाहणारी सॅमसा ही केंद्रीय संस्था ती राज्यांना देते, राज्याकडून काउंटी (जिल्हा) बोर्डाकडे आणि तिथून आमच्यासारख्यांकडे. प्रत्येक पायरीवर वेगळा करार, वेगळा अहवाल.

ओहायोत २०१४पासून मेडिकेडची व्याप्ती वाढली, त्यामुळे बहुतेक रुग्णांच्या औषधांचे आणि डॉक्टरांचे पैसे मेडिकेड देतं. ग्रँटचा पैसा जिथे दुसरं कुणी पैसे देत नाही तिथेच वापरायचा, असा नियम आहे. म्हणजे विमा नसलेला रुग्ण. म्हणजे कामाच्या मुलाखतीला सोडून येणारी गाडी, नशामुक्त घरातलं पहिल्या महिन्याचं भाडं, ओपिऑइडच्या अतिमात्रेतून वाचवणाऱ्या नालोक्सोनच्या, नाकात मारायच्या स्प्रेचे खोके. फेंटानिल ओळखणाऱ्या पट्ट्या या पैशातून घ्यायला २०२१मध्ये परवानगी मिळाली, सुयांना मात्र मिळाली नाही. आणि म्हणजे पीअर सपोर्टर, जी स्वतः या व्यसनातून बाहेर आलेली आहे आणि आता प्रशिक्षण घेऊन दुसऱ्यांना धरून ठेवते. माझ्या मते या अनुदानातून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

माझ्या मुलाखतीचा फॉर्म सरकारने ठरवून दिलेला असतो. आम्ही त्याला 'जीप्रा' म्हणतो. रुग्ण दाखल होताना एकदा, सहा महिन्यांनी एकदा आणि उपचार संपताना एकदा. गेल्या ३० दिवसांत किती दिवस वापर केला? बहुतेक रात्री कुठे राहिलात? अटक झाली का? काम आहे का? एका हिवाळ्यात छपरांचं काम करणारा एक माणूस समोर बसला होता. हातांवर जुने डांबराचे डाग, थंडीतही जॅकेटची चेन उघडी. कुठे राहता असं विचारल्यावर म्हणाला, "ट्रकमध्ये. पण बहिणीचा पत्ता पण लिहा. मी हरवलो तर ती सांगेल." शिडीवरून पडून पाठ गेली, गोळ्या सुरू झाल्या, बाकीचं नेहमीचंच. व्यसनाची ओढ कमी करणारं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू करून जेमतेम आठवडा झाला होता, आणि प्रत्येक उत्तर देण्याआधी तो दाराशी बसलेल्या आमच्या पीअरकडे बघायचा. तिने मान हलवली की बोलायचा.

सहा महिन्यांनी त्याचा फोन बंद होता. ८० टक्के रुग्ण सहा महिन्यांनी परत गाठायचे, असं सरकारी उद्दिष्ट होतं, आणि त्या मुलाखतीसाठी ३० डॉलरपर्यंतचं गिफ्ट कार्ड देता यायचं. पण कार्ड द्यायला आधी माणूस सापडायला हवा. आमच्या पीअरने बहिणीला फोन केला, मग तो सकाळी ज्या पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायचा तिथे जाऊन उभी राहिली. तो सापडला. औषध दोन दिवसांपूर्वी संपलं होतं आणि परत यायची लाज वाटत होती. त्याच दुपारी ती त्याला डॉक्टरांसमोर घेऊन आली.

त्या वर्षी राज्याकडून पुढचं पत्र यायला उशीर झाला आणि तिचं पद मोकळं ठेवायला लागलं. तिला दोन मुलं आहेत, ती तरी किती थांबणार? एका गोदामात रात्रपाळीला लागली. पत्र यथावकाश आलं, तोवर ती परत येण्याच्या परिस्थितीत नव्हती. नवीन माणूस नेमला, चांगला आहे, मनापासून करतो. पण रुग्णांचा विश्वास बसायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात सुटलेले काही जण आम्हाला पुन्हा सापडलेच नाहीत. त्यांची नावं माझ्या यादीत अजून आहेत आणि ती मी काढणार नाही.

ब्युप्रेनॉर्फिन किंवा त्याच कामाचं मेथाडोन चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो, आणि ते सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जिवावरचे असतात. हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आजार वर्षानुवर्षं चालतो, त्यावरचा पैसा मात्र बारा महिन्यांच्या मापाने येतो आणि मध्ये खंड पडला की तो नेमका अशा आठवड्यांत पडतो. याचा मला मनस्वी राग येतो.

पैसा वाया जातो असं म्हणणारेही भेटतात. २०२२मध्ये देशात ड्रग्जच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार लोक गेले, २०२४मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास आला. या घटीची कारणं अनेक आहेत, सगळं श्रेय अनुदानाला देता येणार नाही. पण ज्या घरांत तो स्प्रे वेळेवर मिळाला म्हणून पोरगं वाचलं, त्यातली काही घरं मला माहीत आहेत. मार्च २०२५मध्ये कोविडच्या काळात मंजूर झालेली आरोग्य अनुदानं एका फटक्यात रद्द केली गेली, तेव्हा माझ्या ओळखीच्या कार्यक्रमांतले लोक अक्षरशः टेबलं आवरत होते.

ओपिऑइडच्या खटल्यांच्या तडजोडीत औषध कंपन्या आणि वितरकांकडून आलेला भरपाईचा पैसा वेगळा आहे. मोठ्या वितरकांचे हप्ते १८ वर्षं चालणार आहेत. पगारासारख्या कायमच्या खर्चाला असाच पैसा हवा. ओहायोत त्यातला ३० टक्के वाटा थेट काउंट्या आणि शहरांकडे जातो. आमच्या काउंटीकडे मी मागणी केली आहे की त्यातून दोन पीअरचे पगार किमान पाच वर्षांसाठी बांधून द्यावेत, म्हणजे सप्टेंबरात कुणाला गोदामात अर्ज करावा लागणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. ओहायोत राहणाऱ्या वाचकांना सांगते, काउंटी कमिशनरांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. आपल्या काउंटीत जा आणि विचारा की भरपाईचा पैसा कशावर खर्च होतोय, आणि त्यातून माणसं किती नेमली.