‘तारा’ म्हणून बाजूला पडलेली दीर्घिका

आकाश-सर्वेक्षणाच्या यादीत त्या ठिपक्यापुढे ‘तारा’ अशी खूण होती. प्रतिमा बिंदूसारखी दिसली की सॉफ्टवेअर ही खूण लावतं, आणि मग ती वस्तू कोणी उघडूनही पाहत नाही. रंग मात्र ताऱ्याचे नव्हते. अवरक्तात ठळक, दृश्य प्रकाशात जेमतेम. म्हणजे ती फार दूरची, छोटीशी दीर्घिका असू शकत होती.

इतक्या दूरच्या दीर्घिकेची तीन हजार प्रकाशवर्षांची त्रिज्या आकाशात ०.१ कोनीय सेकंदाच्या आसपास भरते. हबलचा अवरक्त कॅमेरा निव्वळ बिंदूच त्याहून मोठा पसरवतो. त्यामुळे सगळा भरवसा पीएसएफवर, म्हणजे दुर्बीण एका बिंदूला कसा पसरवते त्या नमुन्यावर. तो तयार नमुन्यातून उचलण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याच प्रतिमेतले, जवळचे, संपृक्त न झालेले (कॅमेऱ्याची मर्यादा ओलांडण्याइतके तेजस्वी नसलेले) तारे निवडायचे, त्यांच्यापासून तो बांधायचा आणि मूळ चित्रातून वजा करायचा. ठिपक्याभोवती मंद कडं उरलं. तारा असता तर उरलं नसतं.

तरीही एक सहकारी ‘पीएसएफचीच गडबड’ म्हणत राहिला. इतका लहान आकार पटत नाही म्हणून मोजमापावर संशय घ्यायचा, ही सवय मला घातक वाटते.

निकाल वर्णपटाने दिला. आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या चमकत्या रेषांचा झगमगाट वजा करून वर्णपटाच्या सगळ्या प्रतिमा एकत्र केल्या, आणि १.२६ व १.२७ मायक्रॉनला दोन खळगे उमटले. ताऱ्यांतल्या कॅल्शियमने प्रकाश शोषल्याच्या खुणा, एच आणि के रेषा! ताम्रसृती (प्रकाशाच्या लहरी ताणल्या गेल्याचं माप) २.२, विश्व जेमतेम तीन अब्ज वर्षांचं असतानाचा प्रकाश, आणि नव्या ताऱ्यांचा मागमूस नाही.

खळगे रुंद होते, म्हणजे आतले तारे भन्नाट वेगाने फिरत होते. अशाच ‘१२५५-०’ या दीर्घिकेवर व्हॅन डोक्कम, क्रीक आणि फ्रँक्स यांनी जेमिनी साउथ दुर्बिणीचे २९ तास खर्चून सेकंदाला सुमारे ५१० किलोमीटरचा वेगविस्तार (ताऱ्यांच्या वेगांतला पसारा) २००९ साली मांडला होता. एकाच वस्तूला इतका वेळ द्यायला वेळवाटप समित्या आजही कचरतात. माझ्या मते असे तास वाया जात नाहीत.

अशा आटोपशीर दीर्घिका इतर लहान दीर्घिका गिळत फुगल्या आणि आजच्या महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे गाभे झाल्या, हे बहुतेकांना मान्य आहे. ययाती दीर्घिकासमूहातली एनजीसी १२७७ ही दीर्घिका मात्र तशीच राहिली. अशा किती उरल्या, यावर फुगण्याचा सगळा हिशेब ठरतो. पण ‘तारा’ अशी खूण लागलेलं सगळं आधीच वगळून ही मोजदाद झाली असेल तर? त्या रंगाच्या वगळलेल्या नोंदी मी आता एकेक करून उघडते आहे.