लोहगावचा विमानतळ नेमका कोणाचा?

पुण्यात फ्लाइट लेट झाली की लोक ज्याला टॅग करून शिव्या घालतात त्याचा त्या लेट होण्याशी बऱ्याचदा काडीचाही संबंध नसतो. कारण लोहगावला 'एअरपोर्टवाले' असा कोणी एक माणूस किंवा एक ऑफिस नाहीचे. रनवे हवाई दलाचा, एटीसी म्हणजे विमानांना उडायची-उतरायची परवानगी देणारं कंट्रोल पण त्यांचंच, टर्मिनल एअरपोर्ट्स अथॉरिटीचं म्हणजे एएआयचं, गेटवर आणि झडतीला सीआयएसएफ हे केंद्रीय सुरक्षा दल, जे गृहखात्याचं, पण झडती कशी घ्यायची ते ठरवणार बीसीएएस जे विमान वाहतूक मंत्रालयाखाली, कस्टम्स अर्थखात्याचं, इमिग्रेशन परत गृहखात्याचं, आणि बॅग पट्ट्यावर उशिरा आली तर ती एअरलाइनने नाहीतर तिने नेमलेल्या ग्राउंड हँडलिंगवाल्यांनी आणलेली. विमान उडवायच्या लायकीचं आहे का, पायलटला किती तास ड्युटी लावता येते, हे बघणार डीजीसीए. तिकिटात जो युडीएफ म्हणजे विमानतळ वापरायचा आकार कापला जातो तो मोठ्या विमानतळांवर एरा नावाचं आणखी एक प्राधिकरण ठरवतं, 2008 च्या कायद्याने आलेलं.

2021 च्या ऑक्टोबरात रनवेच्या कामासाठी पुण्याची विमानं दोन आठवडे बंद होती ते आठवत असेल. रनवे हवाई दलाचा, त्यामुळे काम कधी काढायचं ते त्यांच्या हिशोबाने. एअरलाइनने काय करावं?

हा सगळा पसारा कोणी एका दिवशी बसून आखलेला नाही, तो साचत गेलाय. सुरुवात किती साधी होती बघा. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने जुहूला उतरले, वाटेत अहमदाबादला थांबले तर तिथे पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं. जुहू म्हणजे तेव्हा नुसतं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली, मग अख्खी कंपनी, म्हणजे दोनतीन विमानं आणि मूठभर माणसं, चार महिने आमच्या पुण्यात येरवडा जेलच्या सावलीतल्या एका मैदानावर! ना टर्मिनल ना झडती. (पुणेकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, बाळगण्यासारखं तसं कमीच उरलंय.)

कायदा आला 1934 चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट आणि त्याखालचे 1937 चे रूल्स. इंग्रजांच्या काळातला हा कायदा दुरुस्त्या करत करत 2024 संपेपर्यंत चालला, 1 जानेवारी 2025 पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. मधे 1944 ला शिकागोत 52 देशांनी करार केला त्यात भारतही होता. त्यातला पहिलाच मुद्दा म्हणजे आपल्या जमिनीवरचं आकाश आपल्या मालकीचं, परक्या विमानाला यायचं तर परवानगी लागेल. त्यातूनच आयकाओ ही मॉन्ट्रियलची संस्था झाली, जी नियमांचे किमान दर्जे ठरवते, प्रत्येक देश ते आपापल्या कायद्यात बसवतो. आयकाओ कोणाला दंड करत नाही पण म्हणून ढिलाई चालत नाही. 2014 च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिकडच्या डीजीसीएने, आपल्या डीजीसीएच्या देखरेखीवर बोट ठेवून भारताचं सुरक्षेचं रेटिंग खाली आणलं, तेव्हा आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवीन फ्लाइट वाढवता येईनात, ते परत मिळायला 2015 चा एप्रिल उजाडला.

विमानतळ चालवणारी संस्था पण अशीच जोडजोड करत झाली. आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी 1971 च्या कायद्याने एक अथॉरिटी, देशातल्यांसाठी 1985 च्या कायद्याने दुसरी, शेवटी 1 एप्रिल 1995 ला दोन्ही एकत्र करून एएआय. 2006 ला मुंबई आणि दिल्ली खाजगी कंपन्यांकडे गेले, तरी एटीसी एएआयकडेच राहिलं. 'विमानतळ विकला' म्हणणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

बाकी बरेचसे नियम अपघातानंतर आलेत. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली. बराचसा हवाई प्रदेश हवाई दलाकडे राखीव असल्याने तेव्हा दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती, वर एक, खाली एक. त्यानंतर वाटा वेगळ्या केल्या आणि टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं झालं. डिसेंबर 1999 ला इंडियन एअरलाइन्सच्या आयसी 814 विमानाचं अपहरण झालं आणि दोनच महिन्यांत जयपूरपासून सीआयएसएफ विमानतळांवर यायला लागली, त्याआधी तिथे राज्याचे पोलीस असायचे.

आता पुरंदर, म्हणजे पुण्याजवळ व्हायचा असलेला नवा विमानतळ. तो झाला तर रनवे हवाई दलाचा नसेल, रात्रीचे स्लॉट, म्हणजे विमान उडवायच्या-उतरवायच्या वेळा, मागायला त्यांच्या दारात जावं लागणार नाही, हा खरा फायदा, टर्मिनल किती चकचकीत असेल तो नव्हे. झडती, कस्टम्स, इमिग्रेशनवाले मात्र तेच असतील. पण त्याआधी सात गावांच्या जमिनीचा प्रश्न आहे, तो विमानांच्या कुठल्याच कायद्यात बसत नाही, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.