उन्हाळी संगीत महोत्सव, पुणे : तिकीट सकाळच्या सत्राचं काढा

शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ आणि रविवार संध्याकाळ असा तीन सत्रांचा उन्हाळी महोत्सव एप्रिलअखेरीस शहरातल्या एका वातानुकूलित नाट्यगृहात पार पडला. पुढच्या वर्षी जाणार असाल आणि एकच सत्र जमणार असेल, तर मोठी नावं कोणत्या संध्याकाळी आहेत हे न बघता रविवार सकाळ धरा. यमन, पुरिया, बागेश्री हे संध्याकाळ-रात्रीचे राग वर्षभर कानावर पडतात, कारण बहुतेक मैफली संध्याकाळीच होतात. सकाळची तोडी आणि दुपारकडे झुकणारा सारंग त्यांच्या वेळेला, समोर बसून ऐकायला मिळणं दुर्मीळच.

सत्र ९ चं, सुरू झालं ९:१० ला. पुण्याच्या मानानेही हे वेळेवरच. सुरुवातीला मियाँ की तोडी, विलंबित (संथ लयीच्या) एकतालात. तोडीचा गंधार (ग) नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला असतो. गायिकेने बराच वेळ त्या गंधाराच्या आसपासच काढला आणि पंचम (प) मुद्दाम लांबवला. तो अखेर लागला तेव्हा मागच्या रांगेतून न ठरवता ‘वा’ आलं. मधली सतार अल्हैया बिलावलची. आलाप नेटका, शेवटचा जलद ‘झाला’ मात्र गरजेपेक्षा लांबला. पावणेबाराला शुद्ध सारंग. दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) जवळजवळ ठेवून गाताना शुद्ध मध्यम जरा जास्त रेंगाळला तर रागाचा चेहराच बदलतो. इथे तसं झालं नाही. शेवटी द्रुत वृंदावनी सारंग. त्यात गंधार-धैवत नसल्यामुळे ताना सुसाट सुटतात आणि १ वाजता सभागृह भानावर येतं. यानंतर ‘अजून एक भैरवी’ म्हणून आग्रह धरण्यात अर्थ नसतो. नाट्यगृह ठरावीक तासांपुरतंच भाड्याने मिळतं आणि त्यानंतरच्या नाटकाचा सेट बाहेर टेम्पोत उभा असतो.

उन्हाळ्यात वाद्यं जुळवायला जास्त वेळ लागतो. त्यावर कुरकुर करण्याआधी कारण बघा. तापलेल्या गाडीतून आलेला तंबोरा थंड सभागृहात शिरला की तारा आकसतात आणि स्वर चढतो. तबल्याचं याच्या उलट. बाहेर कोरडं ऊन, आत शेकडो माणसांच्या श्वासाचा दमटपणा. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओलावा धरते, सैलावते आणि स्वर उतरतो. एक वर, एक खाली, म्हणून तबलजी तबला घरी जुळवून आला तरी पंधरा-वीस मिनिटांनी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी पडतेच. वादीखालच्या लाकडी गट्ट्यांना हात घालायची वेळ आली तर समजावं, फरक बराच आहे. तंबोऱ्याची लहानसहान कसर तारेतला मणी सरकवून निघते. पण स्वर बरोबर असूनही तार मुकी वाटत असेल, तर जव्हारीवरचा (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा) दोरा केसभर पुढे-मागे करावा लागतो. रविवारी दुसऱ्या कलाकाराआधी नेमकं हेच चाललं होतं आणि अर्धं सभागृह चहाला उठलं. दारं उघडी राहिली, गरम हवा आत आली आणि जुळवलेलं पुन्हा हललं. चहा प्यायचाच असेल तर कलाकार बदलत असताना जा. वाद्यं जुळायला लागली की जागेवर बसा.

संध्याकाळच्या सत्रात एक हिशोब चुकतो, आणि तो आयोजकांचा. पत्रिकेवर ५:३० लिहिलेलं असतं. एप्रिलअखेरीस पुण्यात सूर्य मावळतो ७ ला काही मिनिटं कमी असताना. म्हणजे मुलतानी किंवा पटदीप हे सूर्यास्ताआधीचे राग ऐकायला जेमतेम दीड तास. त्यातली ४० मिनिटं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांचे आभार यांत गेली, मग गायकाने मुलतानी गुंडाळून थेट सूर्यास्ताचा मारवा घेतला. मारवा चांगला झाला, पण दुपारचे राग पुन्हा हुकले. सत्कार मध्यंतरानंतर ठेवले तर कुणाचाही मान कमी होत नाही.

महोत्सव हिरवळीवर असेल तर वळिवाची तयारी ठेवा. दुपारी चारनंतर ढग दाटले की हवेतला दमटपणा झपाट्याने वाढतो आणि डग्ग्याचा (तबल्याच्या डाव्याचा) आवाज पार बसतो. पाऊस पडला की मागून मल्हाराची फर्माईश येतेच. कलाकार हसून टाळतात.

जागा निवडताना मधल्या ब्लॉकमधली पाचवी ते दहावी रांग बघा. अगदी पुढे बसलं तर स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो आणि मंचावरचे मॉनिटरच (कलाकारांसाठीचे स्पीकर) जास्त ऐकू येतात. कडेच्या खुर्च्यांवर एकाच बाजूचा स्पीकर कानात भरतो. बाल्कनीच्या छताखाली, अगदी मागे, डग्ग्याची घुमक शब्दांवर चढते. एसीच्या झोताखालची खुर्ची टाळा. बाहेर ४० च्या आसपास तापमान असलं तरी पातळ शाल किंवा उपरणं जवळ असू द्या. चार तास थंडीत बसून मान आखडते.

पोहोचण्यासाठी मेट्रो बरी. बालगंधर्व रंगमंदिराला वनाज–रामवाडी मार्गावरचं छत्रपती संभाजी उद्यान किंवा डेक्कन जिमखाना स्थानक जवळ. गणेश कला क्रीडा रंगमंचाला स्वारगेट. टिळक स्मारक किंवा भरत नाट्य मंदिराला मंडई, पण तिथून पुढे सदाशिव पेठेतून चालायचं आहे, तेव्हा टोपी घ्या. मार्ग बदलायचा तर जिल्हा न्यायालय स्थानकावर. दुचाकी आणणाऱ्यांनी साडेआठपर्यंत यावं आणि सीटवर टाकायला फडकं ठेवावं; १ वाजता त्या सीटवर बसवत नाही.

मुंबईकरांनी सकाळच्या सत्रासाठी शनिवारीच मुक्कामाला यावं. पहाटेची इंद्रायणी पुण्यात नऊच्या आसपास पोहोचते, म्हणजे तोडीचा विलंबित गेलाच. सत्र सुटल्यावर लगेच उन्हात धावू नका, दहा मिनिटं फोयरमध्ये थांबून पाणी प्या. टिळक रस्त्यावर असाल तर ‘बादशाही’ या खानावळीत जेवण होतं, पण रविवारी रांग असते. आमरसाचे दिवस आहेत, ताट संपवून पुन्हा संध्याकाळच्या सत्राला बसायचं असेल तर वाटी एकच घ्या. संध्याकाळचं सत्र रात्री दहापर्यंत लांबतं, म्हणून शेवटच्या मेट्रोची वेळ आत शिरण्याआधीच बघून ठेवा.